सहस्रकुंडची पैनगंगा

हिंगोलीतल्या गोरेगावकडच्या माणसाला पैनगंगेबद्दल विचारलं तर तो म्हणेल, गरीब नदी आहे. सेनगाव तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून ती मुकाट जाते, काठ कुरतडत, सोयाबीन-हळदीच्या मोटारींना पाणी देत. बुलढाण्याच्या डोंगरातून निघालेली ही बाई इथे कुणावर आवाज चढवत नाही.

तिचं दुसरं रूप पाहायचं तर खाली इस्लापूरजवळ सहस्रकुंडला जावं. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळचं मुरली. काळ्या कातळाचं पात्र इथे अचानक तुटतं आणि पावसाची झड लागली की नदी फटीफटीत घुसते. गढूळ पाणी पांढरंफेक होतं. एक धार दुसरीला आडवी जाते, तिसरी खडकावर आपटून उलटी फिरते. शेजारच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाही. मोठ्या पुरात तर धारा वेगळ्या उरतच नाहीत. परशुरामाच्या बाणाने या धारा झाल्या, असं तिथे सांगतात.

हिने सरहद्दही सांभाळली. या काठाला निजामाचं राज्य, त्या काठाला वऱ्हाड. रझाकारांच्या दिवसांत मराठवाड्यातली माणसं जीव वाचवायला ही नदी ओलांडून गेली. १९५६ साली दोन्ही काठ एका राज्यात आले.

उमरखेडच्या अंगाला, हिच्याच वळणात, सागाचं जंगल आहे : पैनगंगा अभयारण्य. आतल्या गावांना लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. तिथे रस्ता करायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. झाडाला, जनावराला कायद्याचं कवच आहे. ज्या पाण्यावर ती जगतात, ते मात्र वरच अडतं. वर इसापूरचं धरण आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, कातळ तव्यासारखा तापतो आणि काठची गावं निवेदनं देत राहतात : पैनगंगेत पाणी सोडा. धरणाच्या कालव्यावरच्या शेतांचा हक्क खराच आहे. पण नदीचाही वाटा ठरलेला हवा, तिच्यासाठी दरवर्षी हात पसरावे लागू नयेत. जंगलातल्या जनावरांना निवेदन देता येत नाही.

धरणाच्या खाली मात्र कयाधू येऊन मिळते, नामदेवांच्या नर्सीवरून, हिंगोलीवरून वाहत आलेली. म्हणून इसापूरची दारं बंद असली, तरी आपल्याकडे दणकून पाऊस झाला की सहस्रकुंड गर्जू लागतं. ते पाणी हिंगोलीचं असतं.