कोपऱ्यातला कष्टकरी

तंजावरच्या राजवाड्याजवळच्या जुन्या मराठी घरात त्याला जागा मिळते ती दाराशी. खांबावरून आलेली फायबरची तार जिथे भिंतीतून आत शिरते, तिथेच एक खिळा ठोकून राऊटर टांगला जातो. दिसायला बरा नाही म्हणून मग कुणी त्याला टीव्हीच्या मागे सरकवतो, कुणी लोखंडी कपाटात कोंबतो. घरातल्या सगळ्यांत त्याची झोप कमी, आणि बोलणीही त्यालाच जास्त खावी लागतात.

त्याला दोन आवाज आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा आवाज संथ, पण लांब पोचणारा. एखाददुसरी भिंत ओलांडूनही ऐकू येतो. ५ गिगाहर्ट्झचा आवाज चपळ, भरभर पुष्कळ काही सांगणारा, पण भिंत आली की लवकर दमतो. विटा आणि चुन्याच्या हातभर जाड भिंती त्याची खरी परीक्षा घेतात. आरसा, लोखंडी कपाट, पितळी हंडे त्याचे बोलणे परतवून लावतात. पाण्याने भरलेले पिंप ते गिळून टाकते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू झाला की संथ आवाजात खरखर मिसळते, कारण दोघांच्या लहरी जवळपास एकाच पट्ट्यातल्या. शेजारपाजारचे राऊटर एकाच चॅनेलवर बोलू लागले तर गलका होतो, कारण २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर न येता राहू शकतात.

इंटरनेट रखडले की पहिला राग त्याच्यावर निघतो, आणि नवा, चार अँटेनांचा राऊटर आणायचे ठरते. याच गावात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, १७९८ ते १८३२ दरम्यान, नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्यांच्या तक्रारी आणि उपचार लिहून ठेवत. ती पाने इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. आधी पाहायचे, लिहायचे, मग हात लावायचा, ही शिस्त राऊटरच्या वाट्यालाही यायला हवी.

म्हणून लॅपटॉप तारेने थेट त्याला जोडून वेग मोजावा आणि लिहून ठेवावा. तारेवरही वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी. कंपनीकडे तक्रार करताना हाच आकडा उपयोगी पडतो. तारेवर ठीक आणि मागच्या खोलीत मंद, तर दोष भिंतीचा. १०० मेगाबिटच्या जोडणीत सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, हेही ध्यानात असावे. पुष्कळदा दुखणे नसते, हिशेब चुकलेला असतो. जोडणी १०० मेगाबिटच्या वरची असेल आणि राऊटरचे पोर्ट जुन्या धाटणीचे, १०० मेगाबिटचेच असतील, तर मात्र तो खरोखरच अपुरा पडतो.

तेव्हा नवा घ्यावा. त्यात दोन्ही पट्टे, गिगाबिट पोर्ट, वाय-फाय ६ आणि डब्ल्यूपीए३ सुरक्षा आहे का, एवढे पाहावे. अँटेनांच्या संख्येला भुलू नये.

तंजावरची जुनी घरे रस्त्याला अरुंद आणि आत लांबवर पसरलेली. दाराशी टांगलेल्या एका राऊटरकडून परसापर्यंतची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पण त्याच घरांच्या मधोमध उघडा चौक असतो, आणि मोकळ्या हवेतून लहरी सहज जातात. चौकाच्या कडेच्या ओसरीवर, ईशान्य मोसमी पावसाची झड पोचणार नाही अशा उंचीवर त्याला बसवले, तर भोवतालच्या खोल्या त्याच्या टप्प्यात येतात. त्यासाठी लागते ती चांगली लांब तार. परसाकडे तरीही अंधूक राहिले तर मेशचा, म्हणजे पहिल्याचेच जाळे पुढे नेणारा, दुसरा डबा ठेवावा, आणि तो पहिल्याशी तारेनेच जोडावा. घरबसल्या नोकरी करणाऱ्या मुलीचे काम आणि पुण्यातल्या नातवाशी आजीचे बोलणे ज्याच्या जिवावर चालते, घराची मधली जागा मिळणे हा त्याचा हक्क आहे.