कंडम वन टन

मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता जिथे मिळतो ती आमची द्वारका. पूर्वी मालाचे ट्रक इथे थांबत, आणि ट्रक थांबला की त्याच्यामागे मिस्त्री, लेथवाला, पत्रेवाला, पाटेवाला, बॅटरीवाला आणि चहावाला आलाच. या धंद्यात आपली माणसं पुष्कळ. पोरगं शाळेत रमलं नाही की बाप त्याला एखाद्या उस्तादाच्या हाताखाली घालायचा. आमचे अब्बाही तसेच या धंद्यात आले. २०१३ मध्ये उड्डाणपूल झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या डोक्यावरून निघून जाऊ लागल्या. आता तर बोनेट उघडून पाना लावण्याआधी गाडीला कॉम्प्युटर लावावा लागतो. आम्ही दोघा भावांनी तेही शिकून घेतलं, पोट त्यावरच चालतं. पण घराखालच्या गाळ्यात मागच्या भिंतीला टेकून जी गाडी वर्षानुवर्षं उभी होती, तिला कॉम्प्युटर लावायला जागाच नव्हती.

ती गाडी म्हणजे निसानचा एक टनी लष्करी ट्रक. फौजेत आणि गॅरेजांत त्याला नुसतं ‘वन टन’ म्हणतात. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरला बनायचा. जोंगा ही त्याच घराण्यातली धाकटी. तिचं नाव जपानी वाटतं, पण ती जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. थोरला भाऊ शक्तिमान, तो जर्मनीच्या मान कंपनीच्या वंशातला. देवळालीला तोफखान्याची शाळा असल्यामुळे नाशिकच्या लोकांना या गाड्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. आमचा ट्रक १९७१ चा. लष्कराने कंडम ठरवल्यावर १९८६ मध्ये एका ठेकेदाराने तो लिलावात घेतला, निळा रंगवला, खडी-वाळूला जुंपला आणि दुरुस्तीचे पैसे थकले तेव्हा अब्बांच्या दारात आणून सोडला. अब्बांनी तो पैशांच्या बदल्यात नावावर करून घेतला. तो विकला मात्र नाही आणि त्याचे कागदही मरू दिले नाहीत. अम्मी त्याला ‘घरजावई’ म्हणायची.

काम काढलं तेव्हा पहिला वाद इंजिनावरून झाला. त्याला सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन आहे. लिटरला चार किलोमीटर दिले तर नशीब. भाच्याचं म्हणणं, हे काढा आणि एखादं डिझेल इंजिन टाका. जोंगा घेणाऱ्या कित्येकांनी हेच केलेलं आहे, आम्हीही लोकांना करून दिलेलं आहे. अब्बा ऐंशीच्या पुढे गेलेत, कानाने अधू झालेत, पण कुणी काय म्हणतंय ते चेहऱ्यावरून ओळखतात. म्हणाले, “बेटा, इंजन निकाल दिया तो बाकी क्या रहा? डब्बा!”

कायदाही त्यांच्याच बाजूचा निघाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीचा मूळ तपशील बदलायला आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, वीस हजार रुपये भरून. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललं की तो मान गेला. आमच्या ट्रकला तो अजून मिळायचा नाही, कारण पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून आणि आमच्या कागदावरची पहिली नोंद १९८६ ची. फौजेत काढलेली पंधरा वर्षं हिशेबात नाहीत. ज्या नोकरीमुळे त्याला कुणी जुना म्हणून मान देईल, नेमकी तीच नोकरी वजा! म्हणजे २०३६ पर्यंत थांबा.

मग नवं काय करायचं? आमचं मत असं बनलं की ज्यामुळे माणूस मरेल किंवा गाडी जळेल ते नवं करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. सगळ्यांत आधी ब्रेक. जुन्या पद्धतीत चारही चाकांना एकच तेलवाट; एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. कसाऱ्याचा घाट आठवून आम्ही तिथे दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला. वायरिंगचं कापडी वेष्टण हातात घेतलं की भुगा होत होतं. ते सगळं काढून नवं ओढलं, प्रत्येक वाटेला फ्यूज दिला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. सीटला पट्टे आले, जे फौजेतही नव्हते.

पेट्रोलचं प्रकरण मात्र आम्हांला वाटलं त्याहून खोल होतं. हे इंजिन शिसं मिसळलेल्या पेट्रोलवर वाढलं. त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसायचा आणि तिला झिजू द्यायचा नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. हवेसाठी ते योग्यच होतं. आमच्या पोरांच्या फुप्फुसांपेक्षा व्हॉल्व्ह मोठा नाही. पण त्यामुळे हेड लेथवाल्याकडे नेऊन कडक पोलादाच्या बैठका ठोकून घ्याव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे आपल्याच उसाचा रस म्हणा. जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा सहा महिन्यांत फुगून ढेकूळ झाला. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या, पडदे, सील, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घातलं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. आमच्या धंद्यातलं चांगलं काम असंच असतं, आणि म्हणून त्याचे पैसे मागताना जीभ अडखळते.

यानंतर पत्र्याचं काम. निळा रंग खरवडला तेव्हा खालून फौजी हिरवा निघाला आणि बंपरवर पुसट पांढरा बाण, वर तोंड केलेला, त्यापुढे फौजेचा नंबर. सगळी गल्ली पाहायला आली. पोरांनी एकमताने ठरवून टाकलं, हिरवाच मारायचा.

इथे आम्ही थांबलो. एक तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हौशी माणसं तो सर्रास मारतात आणि मिरवतातही. पण तेच आम्ही केलं तर? एक जुनं गिऱ्हाईक, भला माणूस, ट्रककडे पाहून हसत म्हणाला होता, “मिस्त्री, लष्कराची गाडी? आणि तुमच्याकडे?” त्याच्या मनात काही नव्हतं. आमच्या मनात मात्र त्या रात्री पुष्कळ काही आलं. एकाच हिरव्याच्या दोन छटा, एक फौजेची आणि एक दर्ग्याच्या चादरीची. द्वारकेच्या गाळ्यात उभ्या गाडीवर यांतली कुठली दिसेल, ते बघणारा ठरवणार.

दुसरी सूचना मोहल्ल्यातल्याच एका वडीलधाऱ्याची. ट्रकच्या बाजूला वीर अब्दुल हमीद यांचं चित्र काढा आणि २६ जानेवारीला गाडी फिरवा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. अब्दुल हमीद यांना मान कोण देत नाही? सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने त्यांनी रणगाडे फोडले आणि जीव दिला, त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आमच्या अब्बांना ती जीप, ती तोफ तोंडपाठ आहे. पण त्या शहिदाला आमच्या गाडीचा दाखला म्हणून उभं करायचं, हे आम्हांला पटलं नाही. चाचांना आम्ही अदबीने सांगितलं, “चाचा, ट्रक आहे तो ट्रकच राहू द्या.” ते रागावले. दोन जुम्मे आमच्याशी बोलले नाहीत. भाच्याला आजही वाटतं की चित्र काढायला हवं होतं, आणि त्याचं वय पाहता त्याचंही चूक म्हणवत नाही.

रंग शेवटी मातकट लावला, पुरात गोदावरी येते तसा. नोंदणी पुस्तकात बदलाची नोंद करून घेतली. बंपरवरचा बाण आणि नंबर झाकले. मागच्या डिफरन्शियलवरचा पांढरा गोल आणि त्याच्यावरचा छोटा दिवा मात्र ठेवला. युद्धात हेडलाइट बंद ठेवून रात्री ताफा चालायचा, तेव्हा मागच्या ड्रायव्हरला तेवढाच गोल दिसायचा आणि तेवढ्यावर तो वाट काढायचा. त्या दिव्याचं वायरिंग अब्बांनी आम्हांला करू दिलं नाही. खाली गोधडी अंथरून ते स्वतः गाडीखाली सरकले आणि असरची अजान झाली तरी बाहेर येईनात.

सध्या ट्रक चालतो. ट्रान्सफर केसमधून थोडं तेल गळतं. त्या मापाचं सील बाजारात मिळत नाही, लेथवाल्याकडे माप देऊन ठेवलं आहे.