यंत्र खोटे बोलू लागले तर

माझी कन्या वैमानिक आहे. हे वाक्य उच्चारताना बापाची मान ताठ होते खरी. पण पावसाळ्याच्या रात्री त्याच बापाला झोप कशी लागते, हे मात्र, वाचकहो, आपण मला विचारू नये.

गेल्या श्रावणात ती चार दिवस इंदूरला आमच्या घरी आली होती. जेवणे आटोपल्यावर मनात घोळत असलेला प्रश्न मी विचारलाच : "ढगांतून उतरताना तुमचे संगणक बंद पडले तर?" ती हसली. म्हणाली, "बाबा, बंद पडलेल्या यंत्राचे एवढे भय नाही. ते बंद आहे हे आपल्याला कळते तरी. चालू असलेले यंत्र खोटे सांगू लागले, तर खरी पंचाईत."

मग तिने ॲम्स्टरडॅमची हकीकत सांगितली. २५ फेब्रुवारी २००९ रोजी इस्तंबूलहून आलेले एक तुर्की विमान तेथे उतरत होते. जमिनीकडे रेडिओलहरी सोडून उंची मोजणारी दोन उपकरणे अशा विमानात असतात. विमान सुमारे दोन हजार फुटांवर असताना त्यांतील डाव्या उपकरणाने उंची दाखविली उणे आठ फूट! इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा नेमकी त्याच उपकरणावर विसंबून होती. विमान आता धावपट्टीला टेकते आहे, अशा समजुतीने तिने दोन्ही इंजिनांचा जोर अगदी कमी करून टाकला. विमान नेहमीपेक्षा उंचावरून उतरत असल्याने वेग थोडा उतरणे वैमानिकांनाही स्वाभाविक वाटले. वेग मात्र उतरतच गेला. धोक्याची सूचना झाली तेव्हा खाली उंचीच उरली नव्हती. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळले. १३५ जणांपैकी ९ दगावले. त्यांत तिन्ही वैमानिक होते.

"तिघे जण होते, बाबा," ती पुन्हा म्हणाली आणि काही वेळ गप्प बसली.

दुसरी हकीकत आपल्याकडच्या विमानाची. ११ सप्टेंबर २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सुमारे पंधरा तासांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कला पोचले. आत ३७० प्रवासी, खाली दाट व सखल ढग. अशा वेळी धावपट्टीकडून येणारे रेडिओसंकेत विमानाला डावे-उजवे आणि उतार दाखवितात. ते ग्रहण करणारी उपकरणेच निकामी झाली. उंची मोजणाऱ्या उपकरणांपैकी एकच विश्वासाचे उरले, इतर विमानांची चाहूल देणारी यंत्रणाही गेली. इंधन सात टनांच्या आसपास, म्हणजे एवढ्या मोठ्या विमानाला जेमतेम तासाभराचे. वैमानिकांनी काय काय चालत नाही ते नियंत्रकाला एकेक करून स्वच्छ सांगितले, जवळपासच्या विमानतळांवरील हवामान विचारले आणि नेवार्क निवडले. तेथेही ढग खाली होतेच. कोणत्या अंतरावर किती उंची असावी, याचा हिशेब ठेवीत त्यांनी विमान ढगांखाली आणले व सुखरूप उतरविले.

मी जन्मभर बँकेत रोखपाल होतो. नोटा मोजण्याचे यंत्र आले, तरी प्रत्येक गड्डी मी एकदा अंगठ्याखालून काढीत असे. तरुण सहकारी त्यावर हसत. (एकदा यंत्राने दोन नोटा कमी सांगितल्या होत्या, तेव्हापासून हसणे थोडे कमी झाले.) हे मी तिला सांगितले. वाटले, म्हातारपणाची बढाई म्हणून ती सोडून देईल. पण ती म्हणाली, "आम्हांलाही तेच शिकवतात. इंजिनांचा जोर यंत्र सांभाळत असले, तरी उतरताना हात त्या दांड्यांवर असावा. दांड्या मागे सरकल्या, तर तळहाताला आधी कळते. आणि काहीही जुळत नसेल तर पुन्हा वर जायचे. त्यात लाज नाही."

"प्रवासी कुरकुरतात ना?" मी विचारले. मीही एकदा मुंबईला विमान उतरता उतरता परत वर गेले तेव्हा कुरकुरलो होतो. ते मात्र तिला सांगितले नाही.

"कुरकुरतात," ती म्हणाली. "घरी पोचून कुरकुरतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामावर निघाली. तिच्या आईने दशम्यांचा डबा हाती दिला. संध्याकाळी बातम्यांत मुंबईला मुसळधार पाऊस असल्याचे ऐकले आणि मी फोनजवळ खुर्ची ओढली. नऊ वाजता घंटा वाजली.

"बाबा, उतरले. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला."