रस्त्याकडे तोंड केलेला उजेड

स्टॉकहोममध्ये सगळ्यात जड जातो तो नोव्हेंबर. बर्फ पडतो, पण टिकत नाही. झाडांवर पान नाही, रस्ते ओले, काळे, आणि महिनाअखेरीस दुपारी तीनलाच सूर्य मावळतो. गिरगावात वाढलेल्या माणसाला थंडी सोसते; एकावर एक कपडे चढवले की भागतं. अंधाराला मात्र काही उपाय नाही. त्यात इथल्या इमारतींत जिन्यावर पाऊल वाजत नाही. शेजारी कोण राहतं हे दारावरच्या पाटीवरून कळायचं.

मग ख्रिसमसच्या आधीचा चौथा रविवार उजाडतो, अ‍ॅडव्हेंटचा पहिला, आणि शहर एका संध्याकाळीत पालटतं. खिडकीखिडकीत सात दिव्यांची उतरती कमान, नाहीतर आतून उजळलेली कागदी चांदणी. पडदे ओढलेले नसतात. तिसऱ्या मजल्यावरचं एकटं म्हातारं माणूस असो की तळमजल्यावरचा न्हावी, प्रत्येकाच्या काचेत उजेड. डिसेंबरात बर्फ टिकू लागला की हा उजेड जमिनीवरूनही परत येतो आणि रात्र चक्क फिकी होते.

विजेची ही कमान दिसते पुरातन, पण ती १९३४ ची. गोटेबर्गला फिलिप्सच्या गोदामात काम करणाऱ्या ऑस्कर अँडरसनने ख्रिसमसच्या झाडांसाठीच्या, परत आलेल्या दिव्यांच्या माळांतून ती घरासाठी तयार केली. १९३९ पासून कंपनी ती बनवू लागली आणि पुढे ती घरोघर गेली. हे वाचलं तेव्हा मला लालबाग-परळचे गिरणी कामगार आठवले. पाळी संपवून गणपतीच्या मंडपात रात्र रात्र वायरिंग करणारी ती माणसं. सणाचा उजेड बहुधा अशाच हातांनी येतो.

खिडक्यांतल्या त्या कागदी चांदण्या मात्र मला नव्या नव्हत्या. आमच्या चाळीपासून खोताची वाडी हाकेच्या अंतरावर. लाकडी घरं, पुढे व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, आणि डिसेंबरात प्रत्येक घरावर कागदी तारा. तिथली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं मूळची मुंबईचीच, मराठी बोलणारी. दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट तिकडे जाई, नाताळात तिकडून कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, येई. त्यातल्या नेवऱ्या आणि आईच्या करंज्या यांत मला लहानपणी फारसा फरक जाणवला नाही. म्हणून नाताळ मला परदेशात येऊन भेटला असं मी म्हणणार नाही. तो गिरगावातच भेटला होता.

पर्यटक स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात १९०३ पासून भरणाऱ्या ख्रिसमस बाजारात जातात. जावंच. पण हा सण मनात उतरतो तो उपनगरातल्या साध्या रस्त्यांवर. १३ डिसेंबरला संत लुसियाचा दिवस. जुन्या पंचांगात ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानली जाई. पहाटेच्या अंधारात पांढऱ्या झग्यातल्या मुली ओळीने गात येतात. पुढचीच्या कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. शाळांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत, सगळीकडे. मग कॉफी आणि बेदाणे लावलेले केशरी पाव. इतक्या उत्तरेला, त्या काळोखात, केशराचा वास आला की माझा घसा दाटून येतो.

सर्वांत कठीण दिवस २४ तारखेचा. सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेतीनला जातो. दुपारनंतर दुकानं बंद, रस्ते रिकामे. ज्याची माणसं त्याच्या घरात. बाहेरगावच्या माणसाला आपण कुणाचेच नाही हे त्या संध्याकाळी जितकं कळतं तितकं वर्षभरात कळत नाही. पहिल्या वर्षी मी ताज्या बर्फातून नुसता चालत राहिलो. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, तरी प्रत्येक खिडकीतला दिवा रस्त्याकडे तोंड करून जळत होता. पुढल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून भाताच्या खिरीला बोलावलं. वर दालचिनी-साखर, आत कुठेतरी दडलेला एकच बदाम. आमचं बोलणं मोडकंतोडकं झालं. पण त्या दिवसापासून तो जिना मला माझा वाटतो.

गिरगावच्या आमच्या चाळीतही दिवाळीचा आकाशकंदील असाच गॅलरीच्या कठड्याबाहेर लोंबायचा. घरात बसलेल्याला तो धड दिसायचाही नाही. दिसायचा तो खालून जाणाऱ्याला, रात्रपाळीहून परतणाऱ्याला, नव्याने मुंबईत आलेल्याला. आता सुट्टीवर येतो तेव्हा गिरगाव, दादर, परळला चाळींच्या जागी टॉवर उभे दिसतात. कंदील घेतले जातात, सुंदर असतात, पण कितीतरी घरांत ते दिवाणखान्याच्या छताला टांगलेले असतात आणि खिडकीवर पडदा.

माझी एवढीच विनंती आहे. या दिवाळीत कंदील बाहेर लावा, रस्त्यावरून दिसेल असा. आणि तुमच्या मजल्यावर कुणी परगावचं एकटं राहत असेल तर फराळाचं ताट घेऊन त्याचं दार वाजवा.