नर वेल

नाताळच्या भेटकार्डांवर काटेरी कडांची हिरवी पाने आणि तांबड्या फळांचा घोस आपण सर्वांनीच पाहिला आहे. ते होली नावाचे झाड. युरोपातील ख्रिस्ती जनांनी त्याच्या काट्यांत प्रभूचा काटेरी मुकुट पाहिला, फळांत त्याच्या रक्ताचे थेंब पाहिले आणि नाताळच्या सजावटीत त्याला मानाचे स्थान दिले. हिंगोलीच्या काळ्या जमिनीत, पारा चाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या उन्हाळ्यात ते तगणे कठीण. त्यामुळे आमची त्याच्याशी ओळख कार्डापुरतीच. परंतु त्या तांबड्या फळांमागचे रहस्य आम्हांला आमच्याच परसात उमगले.

होलीची नर आणि मादी झाडे निरनिराळी असतात. लहान पांढरी फुले दोन्हींना येतात. फळे मात्र मादी झाडालाच धरतात, आणि तीही जवळपास नर झाड असून मधमाश्यांनी त्याचे पराग आणून पोहोचविले तरच. गंमत अशी की, बागवानांनी काही जातींची नावे ठेवताना हा भेद लक्षात घेतलाच नाही. ‘गोल्डन किंग’ ही जात मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर! फळांच्या आशेने राणी लावणाऱ्याच्या पदरी नुसती पानेच पडतात.

आमच्या मातीतली होली म्हणजे कटुर्ले. कोकणात यालाच कंटोळी म्हणतात. जमिनीखाली याचा कंद वर्षानुवर्षे जिवंत राहतो. हिवाळ्यात वेल वाळून जातो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा कोंब वर येतो. यातही नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बी पेरले तर त्यातून काय उगवले, हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून जाणकार शेतकरी ओळखीचे कंदच लावतात.

माळावरून आलेले दोन कंद आम्ही कुंपणाशी लावले होते. वेल जोमाने चढले, संध्याकाळी पिवळी फुलेही उमलली. परंतु फुलामागची चिमुकली हिरवी गाठ दोन-चार दिवसांत पिवळी पडून गळून जाई. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. येणारे-जाणारे म्हणू लागले, वेल वांझ आहेत, उपटून टाका. त्या शब्दाने आमच्या घरातील एका सुनेची मान खाली गेल्याचे आम्ही पाहिले. लग्नाला सात वर्षे होऊन तिची कूस उजवली नव्हती, आणि तो शब्द तिच्या कानांना नवा नव्हता.

रानातली कटुर्ली बाजारात आणून विकणारी एक वृद्ध बाई त्या सुमारास घरी आली. तिने फूल उलटे करून मागची गाठ पाहिली, दुसऱ्या वेलाचेही पाहिले आणि सांगितले की, या दोघी बाया आहेत, यांचा काही दोष नाही. यांना गडी हवा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिने शेताच्या बांधावरून नर वेलाचा कंद आणून दिला.

त्या वर्षी तिन्ही वेल फुलले. रात्रीचे पतंग हे काम करतात. पण आमच्या अंगणात ते भरवशाने येत नसत. म्हणून दिवेलागणीला नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतले पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावेत, असा क्रम आम्ही ठेवला. एका नर फुलात तीन-चार मादी फुलांचे काम होते. आठवड्याभरात गाठी फुगू लागल्या, आणि सुमारे पंधरवड्यात मऊ काट्यांची हिरवी फळे हाती आली. ती कोवळीच काढावी लागतात. उशीर झाला तर पिवळी पडून उकलतात आणि आतल्या लाल बिया दिसू लागतात.

हे काम त्या सुनेने आपण होऊन अंगावर घेतले. एके संध्याकाळी तिने पतीलाही फुलांची ती ओळख दाखविली. पुढे दोघे मिळून डॉक्टरांकडे गेली; तोवर ती एकटीच जात असे. अपत्य न होण्याची कारणे पतीकडेही तितकीच असू शकतात, हे वैद्यकाने केव्हाच सांगितले आहे. तरी आपल्या ख्रिस्ती घरांतसुद्धा औषध, नवस आणि बोलणी एकट्या स्त्रीच्याच वाट्याला येतात. लोक अलीशिबेला वांझ म्हणत, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. जखऱ्याशी बोलताना देवदूताने मात्र तो शब्द वापरला नाही. तिला मूल होईल, असे त्याला सांगितले.

त्या दांपत्याला अद्याप मूल नाही. पण आता तपासणीचे कागद दोघांच्या नावांचे आहेत, आणि घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही.

नर वेलाला फळ येत नाही म्हणून तो उपटण्याचा सल्लाही आम्हांला मिळतो. वास्तविक आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. पण तो एक असावाच लागतो. शेजारी कंद मागतात, तेव्हा आम्ही दोन्ही प्रकारचे कंद देतो आणि फूल उलटे करून कसे पाहावे, तेही दाखवितो.