आमेन कशाला म्हणतेस?

चि. ताईस,

सासरच्यांबरोबर नगरच्या ह्यूम मेमोरियलमध्ये गेलीस, प्रभुभोजनाची भाकर पुढे आली आणि तू घेतलीस. वर मलाच विचारतेस, "प्रभू एकच ना मामा, मग फादरांची हरकत का?" पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

तुझ्या प्रॉटेस्टंट सासरच्यांना मी कमी लेखत नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं. आपले जेसुइट फादर वळण गावी पोचले ते 1878 मध्ये, दुष्काळाच्या मागोमाग. तुझ्या सासरच्यांचा बाप्तिस्मा आपण कॅथलिक मानतोच. कवी रेव्हरंड टिळकांनाही पंथांच्या या फुटीनं पोळलं होतं. 1917 मध्ये मिशन सोडून त्यांनी पंथभेदांपलीकडचा ‘देवाचा दरबार’ मांडला. तळमळ खरी होती, पण दोन वर्षांत ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. नुसत्या जिव्हाळ्यावर एकी उभी राहत नाही, पोरी!

मिस्सेत फादर पोपमहाशयांचं आणि आपल्या बिशपांचं नाव घेतात, ते तुला लहानपणी कंटाळवाणं वाटायचं. 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत झाला, तेव्हा राहुरी-श्रीरामपूरच्या वेदींवर पुण्याच्या जागी नाशिकच्या बिशपांचं नाव आलं. आपण कोणाबरोबर एक आहोत, ते भाकरीसमोर सांगायचं असतं. पुढच्या वेळी नीट बघ: फादर ख्रिस्तप्रसाद मोडतात आणि एक कण प्याल्यात सोडतात. तो कण मला एका प्रथेची आठवण देतो: जुन्या रोममध्ये पोप आपल्या मिस्सेतली भाकर रविवारी शहरातल्या चर्चांना पाठवत. पहिल्या इनोसंट पोपांनी 416 च्या पत्रात कारणही दिलंय: त्या दिवशी आपण पोपांपासून वेगळे आहोत, असं तिथल्या धर्मगुरूंना वाटू नये.

म्हणून ‘ख्रिस्ताचं शरीर’ ऐकून तू आमेन म्हणतेस ते हातावरच्या प्रसादाला आणि त्या सगळ्या मंडळीलाही. प्रेषितांपासून चालत आलेली धर्मगुरुदीक्षा, पोप, बिशप, सगळं त्यात आलं. जिथं ही एकी अजून झालेली नाही, तिथं ती झाल्यासारखं खायचं कसं?

आणि आपलेच लोक! बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ एकाच रांगेत प्रसाद घेतात आणि दारात तोंड फिरवतात. सोयरीक जमवताना अजून जात विचारतात. करिंथकरांना पौलानं याच भेदासाठी फैलावर घेतलं होतं. हे मला तुझ्या भाकरीहून जास्त सलतं.

तरी काळजी तुझीच. उद्या लेकराचा पहिला ख्रिस्तप्रसाद कुठे होणार? जावईबापूंशी बोललीस का? बोलली नसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

सासरच्यांबरोबर जरूर जा. गीतं गा, उपदेश ऐक, प्रार्थना कर. भाकर मात्र घेऊ नकोस. या रविवारी फादरांना भेट, मोकळेपणानं सगळं सांग. आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जावईबापूंना घेऊन ये. मी त्यांच्याशी बोलेन.

तुझा,
मामा