चिऱ्यातला विंचू, वाळूतला विंचू

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये उमरा आटोपल्यावर आठ दिवस रियाधला धाकट्या भावाकडे राहिले. एका संध्याकाळी तो आम्हाला शहराबाहेर थुमामाच्या वाळवंटात घेऊन गेला. सतरंजी अंथरली, मगरिब झाली, थर्मासमधला कहवा निघाला. मी उठून चपलेत पाय घालणार, तोच तो ओरडला, "आपा, थांब! आधी झटक."

त्याच्या सोबत्याकडे जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी होती. ती त्याने आजूबाजूला फिरवली. सतरंजीपासून चार हातांवर, एका दगडाच्या कडेला काहीतरी हिरवट-निळं चमकलं. या प्रकाशात विंचवाची कातडी अशी उजळते हे मी ऐकून होते, पाहिलं पहिल्यांदाच. साधी बॅटरी लावली तर विंचू काळाकुट्ट, बोटाएवढा लांब. मी निश्वास टाकला. "अरे, काळाच आहे. दुखलं असतं, दुसरं काय!"

भाऊ हसला नाही. म्हणाला, "इथे उलटं आहे, आपा."

आमचं गाव मंडणगड तालुक्यातलं. जांभ्या चिऱ्यांची घरं, चिऱ्यांचेच गडगे आणि त्या प्रत्येक फटीत विंचवाची सोय. दादीने आम्हाला दोनच जाती शिकवल्या होत्या. इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, खेकड्यासारखे जाड चिमटे असलेला. त्याने मारलं की माणूस रात्रभर कळवळतो, पण सकाळी चहा पितो. दुसरा लाल. अंगाने लहान, चिमटे काडीसारखे. दादी त्याचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायची, कारण तिचा सात वर्षांचा मुलगा, आमचे न पाहिलेले चाचा, त्यानेच गेले. लाकडं काढताना दंश झाला. विष उतरवणाऱ्याकडे रात्र गेली. पोराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे थंड. फजरच्या आधी संपलं.

घाम, उलट्या आणि थंड हातपाय या खुणांचा अर्थ पुढे आमच्या शेजारच्याच महाडमध्ये लागला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे विंचूदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं जवळ बसून पाहिले. लाल विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वेळेवर दिली तर हा फेरा थांबतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या घराला त्याआधीच त्या गोळीची किंमत कळली होती. भाऊ आठ वर्षांचा असताना गडग्यावरून चेंडू काढायला गेला आणि लाल विंचवाने बोटाला मारलं. दादीने कुणाचंही ऐकलं नाही. जीप काढायला लावली आणि पोराला थेट महाडला नेलं. तोच हा, आता वाळवंटात माझी चप्पल झटकणारा.

तर उलटं ते काय? रियाधचा हा काळा विंचू अँड्रोक्टोनस, जाड शेपटीचा. तो आमच्या लाल विंचवाच्याच ब्युथिडी घराण्यातला, आणि अरबस्तानातल्या घातक विंचवांपैकी एक. इंगळीचं घराणं वेगळं. रंग काळा असणं हा निव्वळ योगायोग! बघायचे ते चिमटे आणि शेपूट. ज्याचे चिमटे दणकट, तो किडा दाबूनच मारतो. जहाल विषाची त्याला फारशी गरज पडत नाही. ज्याचे चिमटे काडीसारखे, त्याची सगळी मदार नांगीवर. या नियमाला अपवाद असतात, म्हणून त्याच्या भरवशावर दवाखाना टाळू नये. वेदनेवरूनही अंदाज बांधू नये. ठणका कमी म्हणजे धोका कमी, असं नाही.

मग त्या रात्री आम्ही बराच वेळ वाळूत फिरलो, बूट घालून. उघड्या वाळूवर एक पिवळसर विंचू दिसला. त्याच्या शेपटीचा दुसरा मणका चकतीसारखा रुंद होता. असा मी आयुष्यात पाहिला नव्हता. वाळूतल्या बऱ्याच विंचवांच्या पायांना केसांच्या फण्या असतात, त्यामुळे पाय रुतत नाहीत. वाळूतून येणारी किड्याची थरथर त्यांना पायांनीच कळते. दिवसाचं ऊन बिळात काढायचं, रात्री बाहेर यायचं, आणि काही मिळालं नाही तर महिनोन्‌महिने उपाशी राहायचं. सह्याद्रीच्या कातळात याच्या नेमकं उलट शरीर. तिथे काही विंचू पोळीसारखे चपटे, अरुंद भेगेत सरकणारे, शेपूट सुतळीएवढी. जशी जागा, तसा बांधा. जगात अडीच हजारांहून जास्त जाती आहेत आणि या घराण्याचा इतिहास ४० कोटी वर्षांहून जुना. तेव्हा जमिनीवर झाडंही नव्हती, चिऱ्याचे गडगे तर सोडाच.

इहराममध्ये शिकार मना आहे, पण विंचू मारायला मुभा आहे. आम्ही मात्र त्या काळ्याला मारलं नाही. भावाने काठीने त्याला दूर दगडांकडे ढकललं. किडे खाणारा तो आणि त्याला खाणारे घुबड, कोल्हे, हे त्यांचं ते बघून घेतील.

परतताना गाडीत भावाला विचारलं, विंचवाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, ते कधीपर्यंत? तो म्हणाला, पहिली कात टाकेपर्यंत. मग ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं. त्याचं बिऱ्हाड गेली अकरा वर्षं दोन बॅगांत आहे, हे मी बोलले नाही. घरी पोचल्यावर त्याने दारातच बूट काढले, उलटे करून आपटले, मग कपाटात ठेवले. मंडणगडला गेले की मीही आता मुलांचे बूट तसेच आपटते, आणि गडग्यात हात घालू देत नाही.